पडदे झालेल्या साड्या

अक्का, तुमच्या माघारी घरात पहिला वाद झाला, तो तुमच्या पडद्यांवरून.

वाद म्हटले की तुम्ही हातातले काम बाजूला ठेवून ऐकायला बसणार, म्हणून आधीच सांगते की ते भांडण नव्हते. रडून दमलेली माणसे एकत्र बसली की कुणीतरी एखादी व्यवहाराची गोष्ट काढते आणि मग सगळे तिच्यावरच जीव तोडून बोलू लागतात, तशातला तो प्रकार. तेरावा जवळ आला होता. धारूरच्या घरातल्या मधल्या खोलीत सतरंजीवर आम्ही चौघे होतो : तुमची सून शीतल, भिंतीला टेकून बसलेले तुमचे यजमान, म्हणजे भाऊजी, मी, तुमची धाकटी जाऊ, आणि आपल्या दोघींच्या नणंद, म्हणजे वन्सं. वन्संनी तुमचे कपाट उघडून साड्यांचे गठ्ठे बांधायला घेतले होते. गेलेल्या माणसाच्या अंगावरचे कापड तेराव्याच्या आत घराबाहेर जावे आणि कुणाच्या तरी अंगाला लागावे, ही आपल्या घरातली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सासूबाईंच्या वेळी ती तुम्हीच पाळली होती. तिला कुणाचा विरोध नव्हता. कपाट रिकामे झाले. मग वन्संनी कंबरेवर हात ठेवून खोलीभर नजर फिरवली आणि ती खिडकीवर येऊन थांबली.

"आन् हे?" त्या म्हणाल्या.

खिडकीवर तुमची जांभळी साडी होती. म्हणजे जांभळ्या साडीचे पडदे होते, वर चुण्या घातलेले आणि खाली दोन बोटे रुंद झालर लावलेले.

शीतल म्हणाली, "आत्याबाई, ते पडदे हायत."

"पडदे आत्ता हायत. बारशाला नेसलती ती ही. माज्या डोळ्यांनी बघितलीय. अंगावरचंच हाय ना कापड?"

"पन मग समदं घरच उतरवावं लागंल."

"तर उतरवा," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकाएकी बसला. "तिचा जीव कापडात लई व्हता गं. म्हनूनच भ्या वाटतंय. दुसऱ्या कुनाचं असतं तर मी बोललेबी नसते. कापड हितं लोंबकळत ऱ्हायलं, तर ती जायाची कशी?"

अक्का, आयुष्यभर मी मुलांना कार्यकारणभाव शिकवला. तरीही वन्संच्या या बोलण्यावर हसावे किंवा त्यांना खोडून काढावे, असे मला वाटले नाही. तुम्ही मोकळ्या व्हाव्यात, एवढेच त्या मागत होत्या. आणि तुमचा जीव कापडात होता, हे विधान तर अचूक होते.

 भाऊजी म्हणाले, "सुनंदाला इचारा. ती सांगंल तसं करू." आणि तिघेही माझ्याकडे पाहू लागले. तुमच्या झालरींना आयुष्यभर नावे ठेवणारी मी, आणि त्या झालरी राहाव्यात की जाव्यात याचा निवाडा माझ्याच पदरात पडला. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता.

मी म्हटले, "चहा होऊ द्या. मग सांगते." हा वेळ मी विचारासाठी मागून घेतला होता, वर्गात उत्तर लगेच सुचले नाही तर फळा पुसायला घ्यावा, तसा.

स्वयंपाकघरात गेले आणि तिथेही तुम्हीच होता. मिक्सरला अबोली साडीचा बिनबाह्यांचा झगा, त्याला पुढे खिसा, आणि खिशात चहाची गाळणी. गॅसच्या सिलिंडरला घेरदार घागरा. पाण्याच्या फिल्टरला बाळाला घालतात तसले टोपडे, त्याला हनुवटीखाली बांधायचे बंदसुद्धा. गरम पातेले उतरवायला कापडाची कोंबडी. तिच्या दोन पंखांत बोटे घालायची आणि पातेल्याचे काठ धरायचे. दुधावर मण्यांच्या काठाची जाळी, ती तेवढी साडीची नाही, क्रोशाची. दिव्याच्या बटणांच्या पाटीला महिरप. हे सगळे उतरवले तर मागे काय उरेल, याची मी मनाशी मांडणी करून पाहिली. एक सिलिंडर, एक मिक्सर, काही डबे आणि त्यांच्यात उभी राहिलेली शीतल.

या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात, त्या ट्रंकेवर अंथरायला मॅटीच्या कापडावर पोपट भरत होतात. मी डी.एड. होऊन आलेली, नोकरी बीडला, डोक्यात उपयुक्ततेचे वारे. मी विचारले, "याचा उपयोग काय?" तुम्ही सुई न थांबवता म्हणालात, "बघायचा." त्या एका शब्दावर आपला वाद सुरू झाला आणि दर दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीत मी बीडहून येऊन तो पुढे चालवला. माझी बाजू अशी की वस्तूला कपडे घालणे म्हणजे धूळ साठवणे, धुण्याचे काम वाढवणे आणि कापड वाया घालवणे. तुमची बाजू तुम्ही कधी एका वाक्यात मांडली नाहीत. मी मुद्दे मांडायचे, तुम्ही कोंबडीत कापूस भरायचात.

फक्त एकदा तुम्ही सरळ उत्तर दिलेत. पोळ्याचा दिवस होता. भाऊजी बैलांना झुली घालत होते, आणि मी ओसरीवर बसून तुमच्या नव्या मिक्सरच्या झग्याला हसत होते.

"कावून हसतीस गं मास्तरीनबाई?" तुम्ही म्हणालात. "बैलाला झूल घातली तर समदं गाव हात जोडतंय. अन् माज्या मिक्सरला झगा घातला तर हसू येतंय? त्यो बी रोज राबतोच की."

भाऊजी झुलीची गाठ मारता मारता म्हणाले, "बैल वर्सातून एकडाव नेसतो. तुजा मिक्सर रोज नटून बसतोय."

"मंग तुमच्या बैलालाबी रोज नटवा. कोन न्हाई म्हनलं?"

मग भाऊजी बैल घेऊन गेल्यावर तुम्ही हलक्या आवाजात मला सांगितलेत की तुम्ही या घरात आलात तेव्हा निजायच्या खोलीत एका बाजूला खताची पोती आणि दुसऱ्या बाजूला पेंडीची पोती होती, आणि मधल्या जागेत माणसे. "समदं कामाचंच व्हतं बघ. नुसतं कामाचं. डोळं टेकवायला एक जागा न्हवती. मी पयल्यांदा पोत्यावरच साडी अंथरली. सासूबाईंनी काय म्हनलं न्हाई. दुसऱ्या दिशी त्याच त्या पोत्यावर येऊन बसल्या."

त्या दिवसापासून मी वाद सोडला असे नाही, परंतु माझ्या बाजूने त्यात पूर्वीची खात्री राहिली नाही. अक्का, ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण तुम्हाला वाद हवा असायचा. बीडहून येणारी जाऊ नावे ठेवायला नसेल तर नवी झालर दाखवायची कुणाला?

आणखी एक सांगायचे राहिले आहे. माझ्या शाळेच्या पहिल्या वर्षी तुम्ही मला खडू ठेवायला एक पिशवी शिवून दिली होती, हिरव्या खणाची, पोपटाच्या आकाराची, चोच लाल. नाडी ओढली की चोच मिटायची. मी ती दाखवायला म्हणून एक दिवस वर्गात नेली आणि पहिलीची मुले इतकी शांत बसली की मला माझाच आवाज मोठा वाटला. पोपट कोणाला खडू देतो, यावर हात वर व्हायचे. अंकओळख मी त्या पोपटाच्या तोंडून शिकवली. पिशवी विटली तेव्हा तुम्ही न विचारता दुसरी पाठवलीत, मग तिसरी. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावर एक पोपट होताच. अध्यापनाच्या सगळ्या प्रशिक्षणांत मिळाले त्याहून अधिक मला त्या चोचीने दिले. धन्यवाद हा शब्द आपल्या घरात जावाजावांत कुणी वापरत नाही. म्हणून तो इथे लिहून ठेवते.

चहा झाला. शीतलने कप भरता भरता डोळे पुसले आणि म्हणाली, "काकू, आठवतंय का, आई रेट्रोवरनं काय म्हनत्यात?" अजून तिच्या बोलण्यात तुम्ही वर्तमानकाळातच आहात, मी दुरुस्ती केली नाही. तो प्रसंग मला आठवत होता. शीतलने तुमच्या झालरींचे फोटो मोबाइलवर टाकले होते आणि शहरातल्या मुली कौतुकाने काहीबाही लिहीत होत्या. "आई, ह्याला आता रेट्रो म्हनत्यात," तिने सांगितले.

"म्हंजी काय?"

"म्हंजी जुन्या पद्धतीचं. पन मुद्दाम केलेलं."

"मंग माजं रेट्रो न्हाई. माजं मुद्दाम न्हाई, माजं जुनंच हाय." आणि थोड्या वेळाने, मशीनचे पायडल थांबवून : "पर त्या पोरींला म्हनावं, टीव्हीला झालर लावू नका. रिमोट चालत न्हाई."

कारण ती चूक तुम्ही स्वतः करून बसला होता. जुना पेटीसारखा टीव्ही गेला आणि भिंतीवर पातळ टीव्ही आला, तेव्हा तुम्ही त्याला पूर्वीच्याच थाटाचे झालरीचे कव्हर शिवलेत. झालर बरोबर रिमोटच्या किरणांच्या आड आली. भाऊजी बातम्या लावायला गेले की एका हाताने काठीने झालर वर उचलायचे आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचे. मी तुम्हाला किती वेळा म्हटले की झालर चार सेंटिमीटर कमी करा. "चार शेंटीमीटर म्हंजी किती बोटं?" तुम्ही विचारायचात, आणि मी सांगितले की म्हणायचात, "तेवढ्यानं शोभा जाती." भाऊजींनी ती काठी टीव्हीशेजारी कायमची टांगली. तिलाही तुम्ही मुठीपाशी कापड गुंडाळलेत, हाताला रुतू नये म्हणून.

शीतल आणि मी दोघी स्वयंपाकघरात हसलो. तुम्ही गेल्यानंतर त्या घरात झालेले ते पहिले हसू. आणि हसता हसताच मला उत्तर सुचले.

मी कप घेऊन बाहेर आले, बसले, आणि वन्संना म्हटले, "प्रश्न असा आहे ना, की या साड्या आहेत की नाहीत? मग साडी केव्हा संपते, ते आधी ठरवू."

भाऊजी पुटपुटले, "शाळा भरली." पण ते सावरून बसले.

तुम्हाला हे सांगण्याची गरज नाही. पण हा मजकूर पुरुषही वाचतील, म्हणून लिहिते. साडीच्या खालच्या काठाला आतून एक सुती पट्टी शिवतात, तिला फॉल म्हणतात. तिच्यामुळे काठ पायाखाली झिजत नाही आणि निऱ्या सरळ पडतात. गल्लीतल्या निम्म्या साड्यांना तुम्हीच फॉल लावलेला आहे. आणि तुमची एक पद्धत होती. जी साडी आता नेसायची नाही असे तुम्ही ठरवायचात, ती आधी धुवायचात, वाळवायचात, आणि मग उंबऱ्याशी बसून भाऊजींच्या ब्लेडच्या तुकड्याने तिचा फॉल उसवायचात. ओढून कधी काढला नाहीत. टाका न् टाका कापून. शेवटचा टाका निघाला की फॉल झटकून बाजूला ठेवायचात आणि म्हणायचात, "सुटली बाई." त्याआधी कात्री लावायची नाही. त्यानंतर ती अंगाला लावायची नाही. मी एकदा विचारले होते की फॉल तसाच ठेवून कापले तर काय बिघडते, पडद्याला वजनच येईल. तुम्ही म्हणालात, "निरोप द्यावा लागतो की गं. तशीच कशी कापू?"

मी वन्संना हे सगळे क्रमाने सांगितले. मग पुरावा मांडला. "वन्सं, तुमच्या घरचे लग्न आठवते? अक्का त्या विटक्या चॉकलेटी साडीत आल्या होत्या."

"आठवतं की! चारचौघांत लाज आनली माजी. मी बोललेबी तिला. म्हनलं, भावजय हायस का मजूर?"

"निघता निघता त्यांच्या ठेवणीतल्या साडीवर हळदीचा डबा सांडला होता. दुसरी चांगली होती ती ही जांभळी. पण तिचा फॉल आदल्या दिवशी उसवून झाला होता. शीतल, त्या काय म्हणाल्या तेव्हा?"

शीतल म्हणाली, "मी म्हनलं, आई, नेसा की, खालून कोन बघतंय? तर म्हनल्या, 'आता ती साडी न्हाई. तिला मी निरोप दिलाय.' अन् चॉकलेटी नेसून निघाल्या."

वन्सं खिडकीकडे पाहत राहिल्या. वारा नव्हता, पडदे स्थिर होते. मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि त्यांना हसू फुटले.

"म्हंजी माज्या घरच्या लग्नाला ती पडदा नेसून येनार न्हवती व्हय!"

"नव्हती," मी म्हटले. "तुमचे बोलणे ऐकून घेतले, पण पडदा नेसला नाही."

"मला तवाच सांगायचं न्हाई का तिनं? मी उगं बोलले."

भाऊजी म्हणाले, "सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस व्हय? तू तवा वरमाई व्हतीस."

तर अक्का, निवाडा असा झाला : ज्या कापडाला तुम्ही स्वतःच्या हाताने निरोप दिला, ते तुमच्या अंगावरचे कापड नाही. तुमचा जीव त्यातून तुम्ही आधीच सोडवून घेतलेला आहे. कपाटातल्या साड्या जातील, खिडक्या-दारांवरचे राहील. वन्संनी उठून जांभळ्या पडद्याची एक चुणी सारखी केली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मंग." मला जे वाटले ते विजयासारखे नव्हते. वर्षानुवर्षे ज्या बाजूच्या विरोधात बोलले, तिच्यासाठी बोलायला मिळाले, याचे मोठे समाधान होते.

प्रकरण इथे संपायला हवे होते. पण गठ्ठे बाहेर नेताना शीतलला वाटले की मशीनही पुसून झाकून ठेवावे. तिने मशीनचे लाकडी झाकण उचलले आणि तशीच उभी राहिली.

आत तुमची पोपटी साडी होती, पांढऱ्या ठिपक्यांची. घडी करून ठेवलेली, वर ब्लेडचा तुकडा कागदात गुंडाळून. फॉल अर्धा उसवलेला होता आणि अर्धा जागेवर होता.

ती साडी कशासाठी होती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. ती माझी होती. मी निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको बीड सोडून जवळच्याच पालीला नव्या घरात राहायला गेलो. तुम्ही घर बघायला आलात. पश्चिमेच्या खिडकीतून धरणाचे पाणी दिसते, म्हणून मी मोठ्या कौतुकाने तुम्हाला तिथे बसवले. ऊन तुमच्या डोळ्यांवर आले तशी तुम्ही खुर्ची सरकवलीत. ऊन पुढे आले, तुम्ही आणखी सरकलात. शेवटी दारापाशी पोहोचल्यावर म्हणालात, "मास्तरीनबाई, तुमच्या घरात पाव्हन्यानं सूर्याबरुबर फिरायचं व्हय?"

मी म्हटले, "बरं. लावा पडदे."

"काय म्हनलीस? परत म्हन."

"लावा म्हटले पडदे. पण झालर नको."

तुम्ही माझ्याकडून खिडकीचे माप घेतलेत, सेंटिमीटरमध्ये, एका शब्दाने न हसता. कापड कोणते, ते तुम्हीच ठरवलेत : पाण्यासमोर पोपटी रंग शोभेल म्हणून स्वतःच्या नेसणीतली, अजून चांगली असलेली साडी. आणि झालरीबद्दल म्हणालात, "लावीन, पर तुला दिसनार न्हाई अशी." म्हणजे कशी, ते मी विचारले नाही. पडदे आले की कळेलच, असे वाटले.

शीतलने साडी माझ्या हातात दिली. "काकू, ही तुमची. पडद्याचीच हाय."

मी वन्संकडे पाहिले. सकाळपासून अंगावरच्या कापडासाठी हट्ट धरून बसलेल्या वन्सं म्हणाल्या, "ने गं. अर्दा तर निघालाय. तिनं तुज्यासाटीच काडली व्हती." भाऊजीही म्हणाले, "न्या." कुणीही हरकत घेतली नसती. उरलेला फॉल मी तिथेच बसून काढला असता, तर तासाभराचेसुद्धा काम नव्हते.

अक्का, मला ती साडी हवी होती. तुमच्या कपाटातले मला काहीही नको होते, ही एक मात्र हवी होती. मी ती मांडीवर घेऊन काठ उलटा केला. उसवलेल्या भागात सुईची बारीक छिद्रे ओळीने दिसत होती, आणि जिथे तुमचे ब्लेड थांबले होते तिथे कापलेल्या दोऱ्याचे टोक वर आलेले होते. तिथून पुढे तुमचे टाके शाबूत होते. तुम्ही "सुटली" म्हणाला नव्हता. आणि जो नियम सांगून मी घरभरचे पडदे वाचवले होते, तो या साडीपाशी येताच वाकवला असता, तर तो नियम उरला नसता. नुसती माझी हुशारी उरली असती. तुमच्या वतीने निरोप देण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता.

"ही अजून साडी आहे," मी म्हटले. "ही जायला हवी."

 मग वन्सं हळूच म्हणाल्या, "जायाची तर मंग अशी लोंबत्या फॉलाची कशी द्यायची? दान उसवलेलं देत न्हाईत."

ते खरेच होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या उंबऱ्याशी, उजेडाकडे पाठ करून बसले, आणि तुम्ही उसवलेला फॉल परत शिवला. दोरा तुमच्याच डब्यातला. सुई तुमच्याच छिद्रांतून घालत गेले. कापड स्वतःच वाट दाखवत होते. तुम्ही माझ्या टाक्यांना शाळेची रांग म्हणायचात, ते आठवले. रांग सरळ होती, पण तुमच्या टाक्यासारखी दडून बसणारी नव्हती. उन्हात धरले तर कुणालाही कळावे की इथवर एक हात आणि इथून पुढे दुसरा. मी उसवून पुन्हा घातले नाही. शेवटचा टाका तुमच्या पहिल्या शाबूत टाक्याला जाऊन भिडला, तेव्हा गाठ मारली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या वेळात दुःख होते, हे नाकारत नाही. पण त्याहून अधिक काही होते. इतकी वर्षे आपण समोरासमोर बसलो. एकाच कापडावर दोघींनी काम करण्याची वेळ प्रथमच आली होती.

साडी हिराबाईला दिली. घाटाकडच्या माळावर शेळ्या राखणारी, तुमच्या चहाला रोज शेळीचे दूध घालणारी हिराबाई. तुम्ही आजारी असताना ती दाराशी बसून राहायची आणि कुणी आत बोलावले तर "शेळ्या हायत" म्हणून उठायची. साडी तिला आत्ताच नेसायला लावावी, असे वन्संचे म्हणणे पडले. ती शीतलच्या खोलीत जाऊन नेसून आली. मग तिने सवयीने काठ हातात घेतला, उलटा केला, आणि अंगठ्याने चाचपला. तिच्या साड्यांचे फॉलही तुम्हीच लावायचात. तिला तुमचा हात माहीत होता.

"मास्तरीनबाई," ती म्हणाली, "हिचा फॉल अर्दा निराळा लागतोय हाताला. कुनी लावला?"

"अर्धा अक्कांनी लावलेला आहे," मी म्हटले. "अर्धा मी."

तिने दोन्ही भागांवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला, आणि काठ सोडून दिला. निऱ्या पायाशी सरळ पडल्या.

"पक्का हाय," ती म्हणाली, आणि शेळ्या माळाकडे निघाल्या होत्या, त्यांच्यामागे गेली.